कोएने मास्तरांच्या बर्लिनमध्ये

शुक्रवार

बारावीचे पेपर तपासून झाले, गठ्ठे मॉडरेटरच्या ताब्यात गेले आणि मी चिपळूण सोडलं. लेक बर्लिनला नोकरी करते, श्टेग्लिट्झ भागात राहते. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. विमान वेळेवर आलं, एप्रिल संपत आला तरी थंडी होती, आणि बॅगेतलं कोकम आगळ सांडलं नाही.

रात्री जेवताना लेकीने विचारलं, "आई, काय काय बघायचंय? ब्रांडेनबुर्ग गेट, म्युझियम आयलंड..."

मी तिच्यापुढे माझी यादी ठेवली. तीत एक पडकी बाग, एक नर्सरी, एक शाळेची गल्ली आणि एक पूल होता. ती यादीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली.

यामागे आहेत जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एमिल कोएने. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्याला हे नाव सारखं भेटतं, फक्त त्याच्याकडे कुणी थांबून बघत नाही. आमच्याकडे पावसात भातखाचराच्या कडेला बोटभर उंचीचं, बारीक गुलाबी फुलांचं एक तण येतं. शास्त्रीय नाव रोटाला इंडिका, आणि त्यापुढे लिहितात: कंसात विल्ड., कंसाबाहेर कोएने. म्हणजे विल्डेनोने त्याला आधी दुसऱ्याच प्रजातीत बसवलं होतं, कोएनेंनी उचलून योग्य घरात आणलं. ताम्हण, नाणा, बोंडारा, मेंदी, धायटी ही सगळी त्याच कुळातली, लिथ्रेसीमधली. या अख्ख्या कुळाची जगभरातली मोजदाद कोएनेंनी केली. १९०३ साली ती बर्लिनचे वनस्पतिशास्त्रज्ञ एंग्लर यांच्या 'दास फ्लान्झेनराइश' (वनस्पतींचं राज्य) या महाप्रकल्पात लॅटिनमधून छापली गेली. महाराष्ट्राचं राज्यफूल ज्या कुळातलं, त्या कुळाचा हिशेब लावणारा माणूस विद्यापीठात नव्हता. तो बर्लिनच्या एका शाळेत शिकवत होता. हे कळल्यापासून त्यांचं गाव बघायचंच, असं मनात होतं. माझ्यासारख्या मास्तरणीला हे कुतूहल वाटणारच.

शनिवार

सकाळी क्लाइस्टपार्कला गेलो. भुयारी रेल्वेतून वर आलं की समोर दगडी खांबांच्या दोन रांगा उभ्या. त्यांच्या पलीकडे छोटी बाग, आणि मागे न्यायालयाची अवाढव्य इमारत. लोक कुत्री फिरवत होते. बर्लिनचं जुनं वनस्पती उद्यान इथेच होतं, यावर आज बघणाऱ्याचा विश्वास बसायचा नाही. शहर चारी बाजूंनी वाढलं, धुराने झाडं काळवंडायला लागली, तेव्हा एंग्लर संचालक असताना सगळा संसार दाहलेमला हलवला. ते काम १८९७ ते १९१० असं चाललं. काही म्हातारी झाडं मात्र मागेच राहिली. हलवणार तरी कशी!

कोएनेंचा जन्म १८४८चा, तेव्हाच्या प्रशियातल्या सायलेशियात, श्ट्रीगाऊजवळच्या एका खेड्यात. तो मुलूख आता पोलंडमध्ये आहे. ते बर्लिनला शिकायला आले तेव्हा उद्यानाचे संचालक होते आलेक्झांडर ब्राउन. १८६९ साली कोएनेंनी डॉक्टरेट मिळवली. विषय होता सूर्यफुलाच्या कुळात फूल कळीपासून कसं घडत जातं. म्हणजे विशीतला हा मुलगा भिंगाखाली कळ्या कापत बसत असणार. ती सवय पुढे झाडांच्या कामी आली. त्याबद्दल उद्या लिहीन.

दुपारी लुत्सोव्हश्ट्रासला गेलो. टियरगार्टनच्या दक्षिणेला हा रस्ता. कोएने शिकवत ते फाल्क रेआलग्युम्नाझियम याच भागात होतं. प्रशियाचे शिक्षणमंत्री आडालबेर्ट फाल्क यांचं नाव त्या शाळेला दिलेलं. रेआलग्युम्नाझियम म्हणजे लॅटिन ठेवून विज्ञान आणि आधुनिक भाषांवर भर देणारी शाळा. या भागावर दुसऱ्या महायुद्धात भरपूर बॉम्ब पडले. आज तिथे ऐंशीच्या दशकातल्या वसाहती, एखादं जुनं घर, सायकलींचं दुकान. लेकीने फोटो काढायला फोन वर केला, मग विचारलं, "कशाचा काढू?" खरंच होतं ते. एका कोपऱ्यावर उभं राहून थर्मासमधला चहा प्यायलो.

एक गोष्ट मात्र तिला सांगितल्यावाचून राहवलं नाही. या माणसाने प्राणिशास्त्राच्या उजळणीचे तक्तेही काढले होते, शाळेच्या मुलांसाठी. झाडांवर जीव असलेल्या मास्तरला मुलांकडून गोगलगाईचे अवयव घोकून घ्यावे लागत होते. वेळापत्रक कोणाला चुकलंय! मोठी मोठी कामं त्यांनी केली ती शाळा सांभाळून. आपल्याकडे "वर्कलोड"च्या नावाने जे सांगतो आपण, ते मला त्या कोपऱ्यावर जरा अवघडच वाटलं.

रविवार

आजचा दिवस यादीतला सर्वांत मोठा. आगगाडीने बाउमशूलेनवेगला उतरलो, तिथून बसने श्पेट यांच्या अर्बोरेटमला, म्हणजे जिवंत झाडांच्या संग्रहालयाला.

श्पेट हे माळ्यांचं घराणं, रोपवाटिका १७२० पासूनची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्झ श्पेट यांनी ती इतकी वाढवली की जगातल्या सर्वांत मोठ्या नर्सऱ्यांत तिची गणना व्हायला लागली. १८७९ साली त्यांनी घराभोवती झाडांचा संग्रह लावायला घेतला. आखणी बर्लिनचे उद्यानप्रमुख गुस्टाव मायर यांची: वळणावळणाच्या वाटा, मध्ये तळं, सरळ रेष कुठेच नाही. आता हा संग्रह हुम्बोल्ट विद्यापीठाकडे आहे. शेजारी नर्सरी अजून चालू आहे, आणि रविवारी तिथे आपल्याकडच्या आठवडाबाजारासारखी माणसं रोपं घेऊन निघतात.

कोएनेंना इथे काय मिळालं असेल ते आत शिरल्यावर पाच मिनिटांत कळतं. हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, नुसती फांदी असते. तिच्यावर एक तर फूल असतं, नाही तर फळ. इथे तेच झाड हिवाळ्यात नागडं, एप्रिलमध्ये कळीत, ऑक्टोबरमध्ये फळांनी लगडलेलं बघता येतं, आणि तेही सुट्टीच्या दिवशी शहरातून येऊन. चीन, जपान, अमेरिका, कॉकेशस इथून आलेली झाडं एका कुंपणात. कोएनेंनी इथलं साहित्य भरपूर वापरलं. १८९३ साली त्यांचं 'डॉइचे डेंड्रोलोगी' आलं: सहाशे पानं, आणि जवळजवळ हजार बारीक चित्रं, सगळी त्यांच्या स्वतःच्या हातची. जर्मनीत उघड्यावर तग धरणाऱ्या झाडाझुडपांची 'झटपट आणि खात्रीची ओळख' पटवणं, हा हेतू त्यांनी पुस्तकाच्या लांबलचक नावातच लिहून टाकलाय. मला या दोन विशेषणांत शाळामास्तर दिसतो. विद्यापीठातला पंडित 'खात्रीची' म्हणाला असता, 'झटपट' कशाला म्हणेल? झटपट त्यालाच लागतं ज्याच्यापुढे चाळीस पोरं फांदी हातात घेऊन उभी असतात.

मोहर भरात होता. बर्ड चेरीच्या पांढऱ्या लोंब्यांना कडवट, बदामासारखा वास. माग्नोलिया उतरणीला लागलेले. लायलॅकच्या कळ्या जांभळ्या झालेल्या. श्पेटांच्या नावाचा एक गडद जांभळा लायलॅक जगभर विकला जातो. त्यांच्या नावाचा अल्डरही आहे.

मी लेकीला एका चेरीपाशी थांबवलं. नुकतं उमलू लागलेलं एक पान अलगद उघडून दाखवलं. चेरीचं कोवळं पान कळीत मधल्या शिरेवर दुमडलेलं असतं, मिटलेल्या वहीसारखं. मग बाजूच्या प्लमकडे गेलो. तिथे पान एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे गुंडाळलेलं. फूल बघितलं तर दोन्ही पांढरीच, पाच पाकळ्यांची, पुंकेसरांचा झुपका असलेली. सामान्य माणूस फसणारच. पानाची घडी मात्र सहसा फसवत नाही. देठाच्या टोकाला, पान सुरू होतं तिथे, चेरीला दोन बारीक लालसर गाठी असतात. त्या मधुग्रंथी. मुंग्या तिथे येऊन बसलेल्या होत्याच. प्रूनस, म्हणजे चेरी, प्लम, पीच, बदाम यांची प्रजाती, हे कोएनेंचं उत्तरायुष्यातलं मोठं काम. अमेरिकेतल्या अर्नल्ड अर्बोरेटमसाठी अर्नेस्ट विल्सनने चीनमधून आणलेल्या चेऱ्या ओळखायला पुन्हा या शाळामास्तरकडेच आल्या.

"आई, हे तू वर्गात सांगतेस तेव्हा पोरं ऐकतात?"

"दुमडून दाखवलं तर ऐकतात."

कोएनेंच्या नावाची एक रोवन आहे, सोर्बस कोएनेआना. चिनी झुडूप, शेंदरी फळांच्या भावंडांत हिची फळं पांढरीशुभ्र. कामिलो श्नायडरने १९०६ साली तिला हे नाव दिलं. ती इथे हुडकत बराच वेळ फिरलो, पण हाती लागली नाही, आणि फळांचा हंगामही नव्हता. पाय दुखायला लागले तेव्हा तळ्याकाठी बसून पोळीचा रोल खाल्ला.

या घराण्याचा शेवटही सांगायला हवा. शेवटचे मालक हेल्मुट श्पेट १९३३ साली नाझी पक्षाचे सभासद झाले होते. पुढे त्याच राजवटीने त्यांना ज्यूंशी संबंध ठेवले म्हणून पकडलं आणि १९४५च्या फेब्रुवारीत झाक्सेनहाउझेनच्या छळछावणीत मारलं. झाडं तशीच उभी आहेत, त्यातली काही त्यांच्या वडिलांच्या, फ्रान्झ श्पेट यांच्या, हातची असतील.

सोमवार

पाऊस. लेक कामावर गेली. मी घरी बसून 'डेंड्रोलोगी'ची स्कॅन केलेली पानं चाळली. जर्मन जुजबी, आणि छपाई दाट. पण चित्रं बोलतात. एका चौकटीत पंधरा-वीस आकृत्या दाटीने बसवलेल्या: पानाचा काठ, कळीवरचे खवले, फुलाचा उभा छेद. कागद वाया घालवायचा नाही असा बेत दिसतो. संध्याकाळी पाऊस थांबल्यावर कोपऱ्यावरच्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात डोकावले. कुंडीएवढ्या प्लॅस्टिकच्या कपात रोटाला रोटुंडिफोलिया, युरोंमध्ये किंमत. हेही नाव कोएनेंनीच बसवलेलं. जिला आमच्याकडे बेणून बांधावर फेकतात, तिची बहीण इथे काचेच्या पेटीत, वर दिवा लावून.

मंगळवार

दाहलेमचं वनस्पती उद्यान त्रेचाळीस हेक्टरवर आहे. मोठं उष्ण-कटिबंध घर १९०७ सालचं, काचेचं आणि लोखंडाचं, साठ मीटर लांब, आत शिरलं की चष्म्यावर वाफ. मला क्षणात कोकणात आल्यासारखं झालं. लेक म्हणाली, "यासाठी पैसे भरून आलो आपण?"

आत ताम्हण शोधला, दिसला नाही. मग वर्गीकरणाच्या वाफ्यांकडे गेले. तिथे लिथ्रम सॅलिकारियाचे लालसर कोंब नुकते जमिनीबाहेर आलेले. ताम्हणाची ही युरोपातली भाऊबंद. नदीकाठी, दलदलीत वाढते, उन्हाळ्यात तिचे जांभळे तुरे येतात. हिचं एक नवल आहे, जे मी दरवर्षी फळ्यावर काढते. एका झाडाच्या फुलांत कुक्षीवृंत (स्त्रीकेसराचा दांडा) आखूड, दुसऱ्या झाडावर मध्यम, तिसऱ्यावर लांब, आणि त्या त्या हिशेबाने पुंकेसर उरलेल्या दोन उंचींवर. लांब पुंकेसराचे पराग लांब कुक्षीवृंतावर पडले तरच बी नीट धरतं. डार्विन यावर खूप दिवस घालवून बसला होता. अशा कुळाचा पसारा आवरणाऱ्याला 'एका जातीचं एकच फूल' हा सोपा हिशेब सोडावा लागतो. वाळलेल्या फुलातल्या लांबी मोजताना ही एकाच जातीची तीन रूपं की तीन जाती, हा प्रश्न दर वेळी नव्याने सोडवायचा. शाळा सुटल्यावर, दिव्याच्या उजेडात.

बरं, कुळाची हद्दही हलत असते. कोएनेंच्या काळी बर्लिनमध्ये डाळिंबाला वेगळं कूळ होतं. आता जनुकांचे पुरावे बघून डाळिंब, शिंगाडा, खाडीतली चिपी ही सगळी लिथ्रेसीत आली आहेत. सोलापूरच्या बागायतदाराला याने काही फरक पडत नाही, पण मला डाळिंबाच्या फुलातला जाड मांसल पेला आणि ताम्हणाचा खोबणीदार पेला शेजारी शेजारी आठवला की हे पटतं.

हर्बेरियम बाहेरूनच बघितलं. १ मार्च १९४३ च्या रात्री इथे बॉम्ब पडून आग लागली. चाळीस लाखांच्या घरातला संग्रह, बहुतेक जळाला. कोएनेंनी ज्या फांद्यांवरून नावं दिली, त्यातल्या कितीतरी त्यात गेल्या. ज्या फांदीवरून जातीचं नाव ठरतं तो नमुना म्हणजे त्या नावाचा पुरावा. तो गेला की पुढच्या अभ्यासकाला दुसऱ्या देशातल्या संग्रहांत त्याचीच जुळी फांदी हुडकावी लागते. नशिबाने त्या काळी एकाच झाडाच्या फांद्या पाच-दहा संस्थांना वाटायची पद्धत होती. कोएनेंनी स्वतःही झाडांच्या वाळवलेल्या नमुन्यांचे संच करून वाटले होते. कंजूषपणा केला असता तर सगळंच एका रात्रीत गेलं असतं.

बुधवार

बोर्नहोल्मरश्ट्रासचा पूल. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री बर्लिनच्या भिंतीतलं पहिलं फाटक उघडलं ते इथे. भिंत होती त्या पट्ट्यात आता चेरीची रांग. जपानच्या टीव्ही आसाहीने जर्मनीच्या एकीकरणानंतर लोकांकडून वर्गणी गोळा केली, आणि बर्लिन-ब्रांडेनबुर्गमध्ये नऊ हजारांच्या वर झाडं लावली गेली. इथली बहुतेक कान्झान जातीची: दुहेरी, भडक गुलाबी, लग्नातल्या कागदी फुलांसारखी. खरं सांगायचं तर मला ती जरा अतीच वाटली. पण खाली पोरं चटया टाकून बसलेली, कोणी गिटार घेऊन; जागेचा इतिहास आठवला की तो अतिरेक चालून जातो.

चेरीवरून कोएने मास्तर एका मोठ्या भांडणात, आपल्याला कळायच्या आतच, ओढले गेले. १९०८च्या एप्रिलमध्ये एमिल ताके नावाच्या फ्रेंच मिशनऱ्याने कोरियाच्या जेजू बेटावर, हाल्ला पर्वताच्या उतारावर रानटी चेरीची फांदी तोडली. ती वाळून बर्लिनला आली. १९१२ साली कोएनेंनी तिला प्रूनस येडोएन्सिसचा एक प्रकार ठरवलं. आता, प्रूनस येडोएन्सिस म्हणजे तोक्योची सोमेइ योशिनो, जिच्यावरून जपानात वसंताचा दिवस ठरतो. ती बागेतली, रानात कुठे न सापडणारी. मग हिचं माहेर जेजू की काय? दोन वर्षांपूर्वीच, १९१० साली, जपानने कोरिया गिळला होता. त्यामुळे एका वाळक्या फांदीवरची दोन ओळींची लॅटिन नोंद दोन देशांच्या अस्मितेचा प्रश्न झाली. १९३० च्या दशकात जपानी अभ्यासक कोइझुमीही जेजूला जाऊन आला आणि तेच म्हणाला. पुढे जपानात प्रयोग करून दाखवलं की सोमेइ योशिनो हा एदो-हिगान आणि ओशिमा या दोन चेऱ्यांचा संकर. वाद तरी थांबेना. २०१८ साली कोरियन अभ्यासकांनी जेजूच्या झाडाचा पूर्ण जीनोम वाचला: तेही संकरच; एक पालक तोच, एदो-हिगान, पण दुसरा वेगळा. दोन्ही झाडं दिसायला इतकी सारखी की कोएनेंनी फांदीवरून जे ठरवलं ते फांदीपुरतं बरोबरच होतं. टेबलावर फांदी होती, बेट नव्हतं. 'झटपट आणि खात्रीची' यातली खात्री कुठवर पोचते, ते मला या पुलावर कळलं.

लेकीने विचारलं, "मग त्यांनी तेव्हा काय करायला हवं होतं?"

मला वाटतं त्यांनी केलं तेच. फांदी आली, ओळख पटली तेवढी लिहिली, छापली. न लिहिता पेटीत ठेवली असती तर १९४३ ला जळून गेली असती आणि भांडायलाही काही उरलं नसतं.

गुरुवार

शेवटचा दिवस फ्रीडेनाऊत. कोएने या भागात राहत. तेव्हा हे बर्लिनबाहेरचं उपनगर होतं. आता चार-पाच मजली जुन्या इमारती, समोर हात-दोन हात बागा, रस्त्याला दुतर्फा लिंडन. इथून आगगाडीने काही स्टेशनांवर दाहलेम. पहिलं महायुद्ध संपायला एक महिना उरला असताना, १२ ऑक्टोबर १९१८ ला ते गेले.

बर्लिनमध्ये रस्त्याच्या कडेची झाडं चार लाखांच्या वर आहेत, आणि पालिकेकडे त्यांची नोंद असते. 'गीस डेन कीट्स' नावाच्या अ‍ॅपवर प्रत्येक झाडाची जात, वय आणि पाणी किती लागेल ते दिसतं. लोक उन्हाळ्यात बादल्या घेऊन आपापल्या झाडाला पाणी घालतात.

लेकीनेच डाव मांडला. "अ‍ॅप माझ्याकडे, पुस्तक तुझ्याकडे. ओळख बरं."

एका लिंडनखाली उभे राहिलो. कोवळी पानं, चकचकीत, चिकट. मोबाइलवर कोएनेंचं पान उघडलं. लेक जर्मन वाचत गेली, मी भिंग लावून पान उलटं धरलं. खालून पानाचा रंग निळसर-फिकट, लव नाही. शिरा जिथे फुटतात त्या बेचक्यात गंजाच्या रंगाचे केसांचे बारीक झुबके. पांढरे असते तर उन्हाळी लिंडन. मी म्हटलं, हिवाळी लिंडन, टिलिया कॉर्डाटा.

लेकीने अ‍ॅप माझ्यापुढे धरलं. 'विंटरलिंड' लिहिलेलं.

"पुढचं झाड अवघड घेऊ," ती म्हणाली, आणि रस्ता ओलांडून एका मेपलकडे निघाली.